कोवळे पोट आणि दळलेला दाणा

घरातील सहा महिन्यांच्या मुलाचे उष्टावण झाले म्हणजे आपण त्याच्या तोंडात काय घालतो? ज्वारीची भाकरी घालीत नाही, हरभऱ्याची उसळही घालीत नाही. नाचणी भिजवितो, तिला मोड आणतो, ती वाळवितो, दळतो, वस्त्रगाळ करितो आणि मग त्या पिठाची पातळ लापशी शिजवून चमच्याने भरवितो. शेतातील नाचणी आणि ही नाचणी एकच. परंतु अख्खा दाणा त्या मुलाच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडेल आणि हे सत्त्व त्याच्या अंगी लागेल. जे काम मुलाचे दात, जठर व आतडे अजून करू शकत नाहीत, त्यातील बरेचसे काम आजीने चुलीपाशी आणि जात्यावर आधीच उरकून ठेवलेले असते. दळणे, शिजविणे, आंबविणे, मोड आणणे हे सारे शरीराबाहेर केलेले पचनच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

आजचा विषय याच गोष्टीचा विस्तार आहे; फक्त मुलाच्या जागी जनावराचे पिल्लू आणि चुलीच्या जागी पशुखाद्याचा कारखाना घ्यावयाचा. एकच मका, एकच ज्वारी, एकच पेंड निरनिराळ्या रीतींनी तयार केली असता पिलांच्या वाढीत फरक पडतो काय, पडत असल्यास का पडतो, आणि प्रक्रिया जितकी जास्त तितकी वाढ जास्त असे म्हणता येईल काय, हे आपणांस पाहावयाचे आहे.

हा विषय बारामती-इंदापूरकरांना परका वाटू नये. नीरा डाव्या कालव्याच्या काठी ऊस, त्या उसावर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, आणि जिरायत भागात ज्वारी व जनावरे, असा हा मुलूख. गाईचे दूध आणि कोंबड्या यांवर येथील असंख्य कुटुंबांचा महिन्याचा बाजारहाट चालतो. भिगवण रस्त्यावरच्या एमआयडीसीत दुधापासून चीज बनते, आणि पशुखाद्याची पोती तर येथे गावोगावच्या दुकानांत थप्प्या लावून असतात. कोंबडीपालनात व वराहपालनात एकूण खर्चापैकी शेकडा ६० ते ७० खर्च एकट्या खाद्यावर होतो. म्हणजे पोत्यात काय आहे आणि ते कसे तयार झाले आहे, या प्रश्नावर शेतकऱ्याचा नफातोटा उभा आहे.

या विवेचनासाठी मी मुख्य उदाहरण घेणार आहे ते डुकराच्या पिलाचे. आपल्या भागात वराहपालन थोडे; ईशान्य भारतात व गोव्यात ते पुष्कळ. गुवाहाटीजवळ राणी येथे २००२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे, आणि गोव्यातील 'अगोंडा गोवन' ही डुकरांची देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. तरीही डुकराचेच पिल्लू निवडण्याचे कारण असे की, त्याचे पोट आपल्यासारखे एकाच कप्प्याचे आहे. गाईसारखी रवंथ करण्याची सोय त्याला नाही. त्यामुळे खाद्याच्या तयारीतील चूक त्याच्या अंगावर चार दिवसांत दिसते. शिवाय वाढण्याची घाई या प्राण्याला फार. जन्मतः सव्वा ते दीड किलो वजनाचे पिल्लू सुमारे आठवड्यात दुप्पट होते, आणि सुधारित जातीचे जनावर पाचसहा महिन्यांत शंभर किलोच्या घरात जाते. इतक्या घाईने जे बांधकाम चालते, तेथे विटा वेळेवर पोहोचल्या नाहीत तर खोळंबा लगेच कळतो.

हा खोळंबा नेमका केव्हा होतो? आईच्या अंगावरचे दूध तोडल्यावर. व्यापारी पद्धतीच्या वराहपालनात पिल्लू तीनचार आठवड्यांचे झाले की दूध तोडतात; आपल्याकडील लहान पालक सहा ते आठ आठवडे थांबतात. तोपर्यंत पिलाला मिळत असते ते उबदार, पातळ, दुग्धशर्करेने गोड आणि जठरात सहज साकळणारे दूध. त्या शर्करेतून पोटातील चांगले जंतू आम्ल तयार करितात, आणि त्या आम्लामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. दूध तुटले की त्याच पिलापुढे एकाएकी कोरडा भरडा येतो. पिठूळ पदार्थ फोडणारे पाचक रस त्याच्याजवळ अजून थोडे. जठरातील स्वतःचे आम्लही अपुरे. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखी जी लव असते आणि जिच्यातून अन्नरस रक्तात जातो, ती या दिवसांत आखूड होते. न पचलेले अन्न पुढे सरकते, त्यावर वाईट जंतू पोसतात आणि पिलाला हगवण लागते. मग काही दिवस वजन वाढत नाही. कधी घटते, आणि कधी पिल्लू दगावते.

अशा वेळी प्रक्रियेचे मोल कळते. पहिली आणि सर्वांत जुनी प्रक्रिया दळण्याची. साखरेचा खडा आणि पिठीसाखर यांपैकी पाण्यात लवकर काय विरघळते, हे सर्वांना ठाऊक आहे. एका घनाकृती तुकड्याचे आठ सारखे घन केले तर वस्तू तेवढीच राहते, पण तिचा पृष्ठभाग दुप्पट होतो. पाचक रसांना काम करण्यास जागा दुप्पट मिळाली. अमेरिकेत मक्यावर झालेल्या प्रयोगांत असे आढळले आहे की, कणाची जाडी १,००० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर, होती ती कमी करीत आणल्यास दर १०० मायक्रॉनांमागे खाद्याचा उपयोग सुमारे शेकडा १ ने सुधारतो. ज्वारीचा दाणा लहान व कठीण. तिला तर बारीक दळण्याचा लाभ मक्याहून अधिक होतो.

मग मैद्यासारखे बारीक का दळू नये? येथेच निसर्ग आपला हात धरतो. डुकराच्या जठरात अन्ननलिका जेथे उघडते तेथला थोडा भाग संरक्षक बुळबुळीत थराने झाकलेला नसतो. खाद्य जाडसर असेल तर जठरातील लगदा घट्ट राहतो आणि आम्ल तळाशी आपल्या जागी राहते. खाद्य अगदी बारीक असेल तर लगदा पातळ होतो, आम्ल वर हिंदकळते आणि त्या उघड्या भागावर व्रण पडतात. शिवाय फार बारीक पीठ गव्हाणीत गठ्ठा धरून बसते, उडून नाकात जाते आणि दळण्यास वीजही जास्त खाते. म्हणून डुकरांसाठी ६०० ते ७०० मायक्रॉनांच्या आसपासचे दळण योग्य समजतात: मैदा नव्हे, कण्याही नव्हेत, तर रवा. चाळणीला भोक पडले किंवा हातोड्या झिजल्या म्हणजे हा हिशेब गिरणीत नकळत बिघडतो. म्हणून चांगला कारखानदार दळण वेळोवेळी चाळून पाहतो.

दुसरी प्रक्रिया उष्णतेची. तांदूळ चघळून पोट भरत नाही आणि भात खाऊन भरते, कारण पाणी व उष्णता मिळाली की पिठूळ पदार्थाचे घट्ट बांधलेले कण फुगतात आणि पाचक रसांना मोकळे होतात. नुकत्याच दूध तुटलेल्या पिलासाठी मका वाफवून, चपटा करून किंवा यंत्रात दाब व उष्णता देऊन फुलवून घालतात, तो याच हेतूने. परंतु उष्णता सर्वच धान्यांना सारखी मानवते असे नाही. ज्वारीतील प्रथिने पाण्यात शिजविली असता एकमेकांस घट्ट बिलगतात आणि कच्च्या पिठातल्यापेक्षा पचावयास अवघड होतात. आंबविल्याने किंवा लाह्या फोडल्याने हा दोष कमी होतो. आपल्या पूर्वजांनी ज्वारीच्या पिठाची आंबील केली, तिच्यामागे चव होतीच. पण पचनाचाही लाभ पदरात पडत होता.

उष्णतेचे खरे महत्त्व कळले ते सोयाबीनमुळे. अमेरिकेत ऑसबर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ साली दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही. तेच सोयाबीन शिजवून दिले तर ते वाढतात. प्रथिन तेच, प्रमाण तेच. पुढे १९४५ च्या सुमारास कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील, प्रथिन पचविणाऱ्या रसाला अडविणारा पदार्थ स्फटिकरूपाने वेगळा काढला. कच्च्या सोयाबीनमध्ये जणू कुलूप आणि ऐवज एकत्रच नांदतात. उष्णता ते कुलूप मोडते. कोवळ्या पिलाला याचा उपद्रव मोठ्या जनावरापेक्षा अधिक.

पण कुलूप मोडताना ऐवजही जळू नये. फ्रान्समधील मेयार या रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली एक क्रिया वर्णन केली: शर्करा आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की तपकिरी रंगाची नवी संयुगे तयार होतात. भाकरीवरचा खरपूस डाग आणि खव्याचा बदामी रंग हे तिचेच प्रताप. आपल्या जिभेला ती क्रिया आवडते. पिलाच्या वाढीला ती महाग पडते. कारण तीत लायसिन नावाचे ॲमिनो आम्ल अडकून पडते आणि धान्यात आधीच सर्वांत तुटवडा असतो तो लायसिनचाच. म्हणून सोयाबीन पेंडीची दोन बाजूंनी परीक्षा करावी लागते. युरिएज नावाच्या विकराची तपासणी पेंड कच्ची राहिली काय ते सांगते, आणि प्रथिन अल्कलीच्या द्रावणात किती विरघळते हे पाहिले म्हणजे ती करपली काय ते कळते. कच्चीही नको, करपलेलीही नको, हा स्वयंपाकघरातील नियम प्रयोगशाळेतही खरा ठरतो.

तिसरी प्रक्रिया गोळीची. दळलेल्या मिश्रणाला वाफ देऊन साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात आणि भोके असलेल्या जाड पोलादी कड्यातून ते दाबून काढतात. शेवयांच्या साच्यातून पीठ काढावे तसे. साखर कारखान्यातील मळी थोडी मिसळली म्हणजे गोळी घट्ट होते आणि गोडही लागते. गोळीचे लाभ साधे पण मोठे आहेत. पिलाला आवडते तेवढे वेचून बाकीचे टाकता येत नाही. वाहतुकीत जड कण तळाशी आणि हलके वर असे होत नाही. जमिनीवर सांडून वाया जाणारे पीठ वाचते. वाढत्या डुकरांत गोळीमुळे खाद्याचा उपयोग साधारणतः शेकडा ४ ते ८ सुधारल्याचे आढळते. मात्र त्याच वाफेने काही जीवनसत्त्वे आणि मुद्दाम मिसळलेली पाचक विकरे कमी होतात, म्हणून त्यांची भर आधीच घालावी लागते. आणि गोळी जर पोत्यातच फुटून निम्मी भुकटी झाली असेल, तर खरेदीदाराने पैसे गोळीचे दिले आणि घेतले पीठ, असे समजावे.

चौथी प्रक्रिया आंबविण्याची. डेन्मार्क व हॉलंड या देशांत डुकरांना पातळ आंबविलेले खाद्य देण्याची पद्धत आहे. दुग्धाम्ल तयार करणारे जंतू त्या खाद्याला आंबट करितात आणि तो आंबटपणा हगवणीच्या जंतूंना मानवत नाही. पिलाच्या जठरात जे आम्ल अपुरे पडते, ते अशा रीतीने बाहेरून पुरविले जाते. धान्यातील बरेचसे फॉस्फरस एका बंदिस्त रूपात असते, तेही भिजविल्याने व आंबविल्याने काही अंशी मोकळे होते. येथेही अतिरेकाची शिक्षा आहेच. आंबविण्यावर ताबा राहिला नाही तर नको ते जंतू खाद्यात वेगळे मिसळलेले मोकळे लायसिन खाऊन टाकतात. म्हणून जाणते पालक धान्य तेवढे आंबवितात आणि लायसिनचा पुरवठा नंतर करितात.

या ठिकाणी बारामतीशी एक मौजेचा धागा जुळतो. दहा लिटर दुधाचे सुमारे एक किलो चीज होते आणि बाकीची निवळी उरते. जगभर नुकत्याच दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांच्या खाद्यात जो पदार्थ आवर्जून घालतात, तो ही निवळी वाळवून केलेली भुकटीच. तीत दुग्धशर्करा भरपूर असते, म्हणजे पिलाला दूध तुटूनही दुधाचा एक अंश मिळत राहतो. परंतु ती भुकटीही जपून वाळविलेली पाहिजे. जास्त तापून बदामी झाली की मेयारची तीच क्रिया तिच्यातील लायसिन गिळते. ज्या औद्योगिक वसाहतीत चीज बनते, तेथल्या उपपदार्थालाही कोवळ्या पोटाच्या शास्त्रात असे मानाचे स्थान आहे.

आता दावणीकडे वळू. वासरू हे पुढे रवंथ करणारे जनावर होणार असले, तरी पहिले काही आठवडे ते खऱ्या अर्थाने तसे नसते. प्यालेले दूध पन्हळीसारख्या एका घडीतून कोठीपोटाला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते आणि तेथे, डुकराच्या पिलाप्रमाणेच, साध्या जठरात पचते. म्हणून गाईचे खाद्य ते वासराचे खाद्य हा समज धोक्याचा आहे. सरकी पेंडीचे उदाहरण घ्या. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात ते बरेचसे बांधले जाते, म्हणून तिला पेंड चालते. लहान वासराजवळ आणि डुकराजवळ ही सोय नाही. उष्णतेने गॉसिपॉल बांधता येते, पण बांधताना ते लायसिनलाही धरून ठेवते. म्हणजे पुन्हा तोच देण्याघेण्याचा व्यवहार.

वासराच्या बाबतीत दळणाचा नियमही बदलतो. चीक आणि दूध यांच्या जोडीला पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून थोडा खुराक चाखावयास दिला, तर तो कोठीपोटात आंबतो आणि त्या आम्लांमुळे कोठीपोटाच्या आतील लव वाढीस लागते. पण खुराक पिठासारखा असेल तर तो त्या लवेत चिकटून बसतो आणि तिची वाढ बिघडवितो. म्हणून वासराला हवा तो जाडसर भरडा किंवा घट्ट गोळी. कोंबडीच्या पिलाची गोष्ट आणखी निराळी. तिला दात नाहीत. दळण्याचे जाते तिच्या पोटातच आहे. सर्वच खाद्य बारीक दिले तर ते स्नायूंचे जाते दुबळे राहते. त्यात काही जाड कण असले तर ते बळकट होते. तथापि पहिल्या दिवसांत चोचीत मावेल असा चुरा लागतो आणि गोळी पुढे. एक दाणा, तीन पिल्ले आणि तीन वेगळे हुकूम, असा हा प्रकार आहे.

यातला पैसा मोजून पाहावा. ५,००० पक्ष्यांची एक शेड घेतली आणि विक्रीपर्यंत प्रत्येक पक्षी साडेतीन किलो खाद्य खातो असे धरले, तर एका खेपेला १७,५०० किलो खाद्य लागते. खाद्याच्या तयारीतील दोषामुळे त्यातील शेकडा ५ वाया गेले, तर ८७५ किलो गेले. म्हणजे ५० किलोची साडेसतरा पोती उकिरड्यावर पडली.

प्रक्रियेला काय करता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता कारण निघाले ते बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील विष, ज्याला आज आपण अफ्लाटॉक्सिन म्हणतो. हे विष शिजवून जात नाही, गोळी करूनही जात नाही. आणि गाईने ते खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो. ओलसर कोठारातली पेंड वाफ देऊन सुधारेल, ही आशा म्हणूनच व्यर्थ होय. याउलट, जेथे उष्णता अवश्य पाहिजे तेथे ती टाळल्यास काय होते, हेही इंग्लंडनेच पाहिले. २००१ साली तेथे लाळ्या-खुरकताची साथ उसळली. तिचा उगम न उकळता डुकरांना घातलेल्या खरकट्यात असल्याचे निष्पन्न झाले आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. भारतात २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथम आढळला. तोही खरकट्यातील मांसाच्या तुकड्यांतून पसरू शकतो. ज्या तालुक्यात दारोदार दुभती गाय आहे, तेथे हॉटेलातील खरकटे उकळण्याचा प्रश्न एका डुकरापुरता राहत नाही.

शेवटी एक गोष्ट आपणां सर्वांची, म्हणजे जनावर न पाळणाऱ्या नागरिकांचीही. पिलांचा हा नाजूक काळ निभावण्यासाठी जगाने बरीच वर्षे एक सोपी वाट धरली होती: खाद्यातच थोडे प्रतिजैविक औषध मिसळावयाचे. पिल्ले वाढत, पण औषधाला न जुमानणारे जंतूही वाढत, आणि तेच औषध माणसाच्या आजारात निकामी ठरू लागले. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्यास १ जानेवारी २००६ पासून बंदी केली. भारताने २०१९ च्या जुलैमध्ये कोलिस्टिन हे राखीव औषध खाद्य-जनावरांसाठी बंद केले. ही वाट बंद झाल्यावर उरते ती कष्टाची वाट: चांगला दाणा, योग्य जाडीचे दळण, बेताची उष्णता, घट्ट गोळी आणि कोरडे कोठार.

म्हणून पोते घेताना किमतीबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या वयाच्या जनावरासाठी आहे? यात कोणती पेंड आहे? दळण किती जाड आहे, किंवा गोळी असल्यास पोत्याच्या तळाशी भुकटी किती आहे? आणि हे किती दिवसांपूर्वीचे आहे? नाक लावून वास घ्यावा, मूठभर हातावर पसरून पाहावे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रासारखी सल्ला देणारी संस्था तालुक्यातच आहे. तिला हे प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. नाचणीचे सत्त्व करताना आजी जेवढी काळजी घेते, तेवढी दावणीवरच्या आणि शेडमधल्या पिलांसाठी घेतली, तर त्या पिलांची वाढ होईल आणि त्यांच्यावर जगणाऱ्या घराचीही.